डाव्या हाताशी

मेरेआनानं सतरा नंबरच्या म्हाताऱ्या उंदराला पोटाखाली हात घालून उचललं आणि तोंड हौदाच्या कडेकडे करून अलगद पाण्यात सोडलं. पाणी कोमट होतं, दुधाची पावडर घालून पांढरंधोप केलेलं. म्हातारा एकदा बुडाला, नाक वर काढून फुरफुरला आणि पोहू लागला. ती बाजूला झाली आणि हात पाठीशी बांधून उभी राहिली.

आज पाण्याखाली पाट नव्हता.

एरवी तो असायचा. काचेसारखा आरपार, पाण्याखाली दोन बोटं दडलेला, बेसिनच्या बाजूला. पोहणाऱ्याला तो दिसत नसे. भिंतीवरच्या खुणा बघून त्यानं जागा लक्षात ठेवायची. खिडकीशी पिवळा त्रिकोण, कपाटावर काळी फुली, दाराशी पट्ट्यापट्ट्यांचं कापड. या खुणांच्या आधारानं पोहत जायचं आणि पाटावर चढून बसायचं. बसला की मेरेआना त्याला उचलून टॉवेलात घ्यायची. तरण्या उंदरांना हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. पण हौदातले हे सगळे म्हातारे होते, आणि म्हातारपणी डोक्याचं काय होतं ते कुणी वेगळं सांगायला नको. आज शिकवावं तर उद्या ये रे माझ्या मागल्या.

त्यांतल्या निम्म्यांना गॉर्डनचं औषध टोचलं जात होतं आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे एकट्या फेतूला ठाऊक. सुया भरून देण्याचं आणि खोलीच्या टोकाला पडद्याआड बसून छतावरचा कॅमेरा सांभाळण्याचं काम त्याच्याकडे होतं. या बाबतीत पोटातलं ओठावर येऊ द्यायचं नाही, हा त्याचा नेम. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? महिनाभरात निम्मे म्हातारे सरळ पाटावर जाऊन बसायला लागले होते. उरलेले घाण्याच्या बैलासारखे कडेकडेनं फिरत राहायचे. मेरेआनाला कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती.

आजची परीक्षा शेवटची. पाट काढून घ्यायचा आणि बघायचं. ज्याला खरंच आठवतंय तो पाट नसला तरी त्याच जागी घुटमळेल, पाय टेकायला बघेल. ज्याला नाही आठवत तो कुठेही भटकेल. एवढं दिसलं की औषध पुढे मेंढ्यांना द्यायचं, आणि मेंढ्यांनंतर माणसांना. गॉर्डन मॅकअस्किलनं उमेदीची सगळी वर्षं विसरभोळेपणावरच्या औषधांत घातली होती. तीन औषधं वाया गेली होती, हे चौथं. वर्षअखेरीला तो निवृत्त होणार होता, आणि पाचव्याला वेळ नव्हता.

डनेडिन शहरात आठवडाभर दक्षिणेचा बोचरा वारा आणि पाऊस होता. जुन्या इमारतीचं छत सकाळपासून गळत होतं, आणि गळायला त्याला नेमकी बेसिनपाशी फरशीवर चिकटवलेल्या निळ्या पट्टीचीच जागा सापडली होती. ही पट्टी गॉर्डननं लावली होती. उंदीर सोडला की पट्टीवर येऊन उभं राहायचं, हलायचं नाही, खोकायचं नाही. जनावराचं लक्ष विचलित करायचं नाही. इतके दिवस मेरेआना तिथंच खांबासारखी उभी राहिली होती. आज तिथं बादली होती, म्हणून ती दाराशी जाऊन उभी राहिली. त्याचं तिला काही वाटलं नाही. खुणा भिंतीवर होत्या आणि भिंती काही गळत नव्हत्या.

सतरा नंबरनं हौदाच्या मध्यावर येऊन मान फिरवली. मग तो सरळ निघाला.

तो बेसिनकडे गेला नाही. दाराकडे आला. तिच्यापासून हातभर अंतरावर पाण्यात घिरट्या घालू लागला. नाक वर, मिशा भिजलेल्या, पुढचे पाय जणू पायरी चाचपत होते. वेळ संपल्याची शीळ वाजेपर्यंत तो तिथून हलला नाही.

तिनं वाकून डाव्या हातानं त्याला बाहेर काढलं. ती जन्माची डावखुरी. दर साली शरदात दक्षिणेच्या बेटावर टीटी या समुद्रपक्ष्यांची पिल्लं खाण्यासाठी बिळांतून काढायला अख्खं घराणं जायचं, तेव्हा खांद्यापर्यंत बिळात जायचा तोही हाच हात. टॉवेलात सतरा नंबर शांत बसला.

"हं," पडद्यापलीकडून फेतू म्हणाला. "या म्हाताऱ्याला आज काय झालं?"

"पुढचा घे," गॉर्डनचा आवाज आला.

पुढचा घेतला, त्याच्यापुढचाही. जे भटके होते ते ठरल्याप्रमाणे कडेकडेनं भटकले. आणि जे पक्के होते, ज्यांच्यावर सगळी भिस्त होती, ते एकजात दाराशी आले. बेसिनकडे, जिथं पाट असायचा तिथं, एकानंही ढुंकून पाहिलं नाही.

चहाच्या खोलीत गॉर्डन खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्यापुढचा चीज रोल गार झाला. उंच, हाडकुळा माणूस, पण आज कोटात हरवल्यासारखा दिसत होता.

"मुसळ केरात," तो म्हणाला. "सगळं."

"बॉस, जरा थांबा," फेतू म्हणाला. त्याचं घराणं मूळचं सामोआ बेटांवरचं, पण जन्म इथला. अंगानं दांडगा आणि बोलायला त्याहून. "मी रेषा बघतोय. कोण कुठून कसा पोहला त्याच्या."

"मीही बघितल्या. चुकलेत सगळे."

"चुकलेत, पण सगळे एकाच जागी चुकलेत. माझ्या बापाच्या घरी सहा म्हातारे चर्चहून येताना वाट चुकले ना, तर सहा गल्ल्यांत सापडतात. एका गल्लीत सहाही सापडले तर समजायचं तिथं कुणीतरी जेवायला बोलावलंय."

गॉर्डन हसला नाही. मेरेआना कप विसळत होती. कप तिच्या डाव्या हातात होता, आणि ती त्या हाताकडे बघत राहिली. नळ वाहत होता. फेतूनं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नाही.

"दाराशी काय आहे?" तिनं विचारलं.

"पट्ट्यांचं कापड. ते आधीपासूनच आहे."

"आज नवीन काय होतं?"

"बादली. पण ती दाराशी नव्हती, ती..." फेतू मध्येच थांबला. मग खुर्ची सरकवून त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. "अगं बाई."

"मला सतरा नंबरला पुन्हा सोडायचंय," ती म्हणाली.

"एका दिवसात दोनदा? नियमात बसत नाही," गॉर्डन म्हणाला.

"माहीत आहे."

गॉर्डननं चीज रोलची बशी दूर सारली आणि उठला. इतक्या वर्षांत त्यानं नियम मोडलेला कुणी पाहिला नव्हता. आजही तो हो म्हणाला नाही. नुसता तिच्यामागून खोलीत आला.

उंदीर विसावला होता, कोरडा झाला होता. मेरेआनानं त्याला दाराच्या बाजूनं पाण्यात सोडलं आणि स्वतः खिडकीपाशी, पिवळ्या त्रिकोणाखाली जाऊन उभी राहिली. तिथं ती आजवर कधीच उभी राहिली नव्हती. या वेळी गॉर्डन आणि फेतू पडद्यामागे गेले नाहीत. दाराच्या चौकटीत उभे राहून त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

सतरा नंबरनं पाण्यात एक गोल घेतला, मान उचलली आणि तिला पाहिलं. उंदराची नजर अधू असते, म्हाताऱ्याची तर फारच. त्याला दिसली असेल ती पांढऱ्या कोटाची एक उभी, धूसर आकृती. पण तो वळला, पाणी कापत तिच्याकडे आला आणि तिच्या डाव्या बाजूला थांबला. उजवीकडे नाही, डावीकडे. तिथं तो पाय मारत, नाक वर करून तरंगत राहिला.

मेरेआना हळूच कडेनं चालू लागली. तोही तसाच निघाला. ती कपाटापाशी थांबली, तोही थांबला, पुन्हा डाव्या हाताशी.

छतावरून बादलीत थेंब पडत होते, तेवढाच आवाज.

तिनं शेकडो उंदीर हाताळले होते, त्यांची शिकवणी घेतली होती, त्यांच्या मेंदूंचे काप काचेवर पाहिले होते. या जनावरांबद्दल आपल्याला कळायचं ते कळलंय, असं तिला वाटायचं. आणि हे एवढंसं म्हातारं डोकं, ज्यात कालचं आज उरत नव्हतं, त्यात गेले कित्येक दिवस ती होती. पाट नव्हे, त्रिकोण नव्हे, फुली नव्हे. या जगात पाणी आहे, आणि पाण्याच्या काठी कुणीतरी उभं असतं. त्याच्या डाव्या बाजूला गेलं की तो हात खाली येतो आणि बाहेर काढतो. सगळं विसरून गेलेल्या जिवानं औषधाच्या बळावर राखून ठेवायचं म्हणून राखलं ते एवढंच. तिला आनंद झाला, आणि त्याच्या जोडीनं भीतीही वाटली. एवढ्या भरवशाला पात्र ठरावं असं आपण त्याचं काय केलंय, हे तिला कळेना.

तिनं डावा हात खाली नेला. तो आपणहून तळव्यावर चढला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," फेतू हळूच म्हणाला. "भिंतीवर खुणा लावत बसलो आपण. खूण तर कोट घालून उभी होती."

"मी वर्षानुवर्षं सगळ्यांना ओरडत आलो," गॉर्डन म्हणाला. "हलू नका. जागा सोडू नका. ती पट्टी मीच लावली."

"म्हणून तर आम्ही खांब झालो, बॉस. खांब कोण विसरेल?"

"औषध चालतं, पण." गॉर्डननं मेरेआनाच्या हातातल्या टॉवेलाकडे बोट केलं. "चालतं ना? मिठाच्या पाण्यावरच्या एकालाही ही आठवली नाही. फेतू, सतराला काय देत होतास? आता बोल."

फेतूनं मेरेआनाकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच पोटातलं ओठावर येऊ दिलं. "औषध. दाराशी आले त्या सगळ्यांना औषधच."

गॉर्डन हौदाच्या कडेवर टेकला. बराच वेळ त्यानं पाण्यात बोटं बुडवून ठेवली. औषध चालतं हे कळायची आशा त्यानं बहुधा कधीच सोडली होती, आणि आता कळलं ते असं. जागेची आठवण परत येते, असं म्हणत त्यांनी प्रयोग मांडला होता. परवानगी त्यासाठी होती, सगळ्या नोंदी त्यासाठी होत्या. आता त्या नोंदींना अर्थ राहिला नव्हता. कोण पाटाकडे आलं आणि कोण मेरेआनाकडे, हे त्यांतून सांगता येत नव्हतं. पहिल्यापासून करायचं म्हणजे नवे उंदीर म्हातारे होईपर्यंत वाट बघायची. तोवर गॉर्डनच्या दारावरची पाटी निघालेली असणार.

"पोरी," तो म्हणाला. ती या खात्यात विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हापासून तो तिला हेच म्हणायचा. "उद्या पाऊस थांबतोय म्हणतात."

"हो."

"बादली उचलली, तू पट्टीवर उभी राहिलीस आणि परीक्षा पुन्हा घेतली, तर?"

"बेसिनशी येतील. बरोब्बर पाटाच्या जागी."

"मग?"

मेरेआनानं टॉवेलाची घडी उलगडली, पुन्हा केली. "येतील माझ्याकडे. आणि आपण लिहू, पाटाकडे आले."

"औषध तर तेच ना? उद्या माणसांना दिलं, आणि एखादी म्हातारी आपल्या मुलाला बघून म्हणाली, अरे, तू होय, तर तिला कोण विचारणार आहे, बाई, मुलगा ओळखलास की खोलीची जागा?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. "पण आपल्याला काय सापडलंय ते मग कुणाला कळणारही नाही, गॉर्डन. तुम्हालासुद्धा नाही कळणार."

तो उठला. तिला वाटलं, आता ओरडेल. त्यानं कोट काढून खुंटीला लावला आणि छत्री न घेताच पावसात निघून गेला. फेतू पाणी उपसायला लागला. नेहमी काम करताना तो गुणगुणायचा, आज नाही.

त्या रात्री मेरेआनाला धड झोप लागली नाही. सकाळी उजळता उजळता ती चढ चढून आली तेव्हा पाऊस उघडला होता. खाडीवर धुकं बसलं होतं आणि घराघरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता. पाऊस थांबला याचा तिला राग आला. प्रयोगाच्या खोलीत दिवा लागलेला होता. बादली कोपऱ्यात पालथी घातलेली दिसली आणि ती दारातच थबकली.

गॉर्डन फरशीवर गुडघे टेकून बसला होता. त्याच्या हातात रंग खरवडायचं पातं होतं. निळी पट्टी तीन बाजूंनी निघाली होती, चौथी तो नखानं उकरत होता.

"कसली चिकटलीय," मान वर न करता तो म्हणाला. "लावताना वाटलं नव्हतं."

मेरेआना त्याच्याशेजारी बसली आणि तिनं दुसरं टोक धरून ओढलं. पट्टी निघाली. फरशीवर तिच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला, बाकी फरशीपेक्षा उजळ.

"पुढच्या खेपेला हौदाभोवती पडदा लावा, खुणा त्या पडद्यावर," तो म्हणाला. "माणूस दिसता कामा नये. ते झालं की दुसरा प्रयोग करा, त्यात फक्त माणूसच दिसू दे. दोन्ही लागतील. फेतूला मी रात्री फोन केला होता. झोपमोड केली म्हणून शिव्या घातल्या त्यानं, मग हो म्हणाला. तू प्रमुख हो."

"आणि तुम्ही?"

"मी येईन चहाला." त्यानं पात्याची धार पुसली. मग म्हणाला, "यांची डोकी मात्र आज बघावी लागतील. ठरलं होतंच. आणि आता तर जास्तच. ही आठवण कुठे बसलीय ते आजच कळेल. औषधाचा असर गेला की मग काही कळायचं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिला खरंच माहीत होतं. या खोलीतून परत कुणी जात नसे. पोहणं संपलं की भूल देण्याची पेटी. त्यात झोप लागायची आणि ती मोडायची नाही. हे काम पत्करताना तिनं स्वतःला बजावलं होतं, मरताना बघायची तयारी नसेल तर त्यांना पोहायलाही लावायचं नाही. तिचा मामा एकदा म्हणाला होता, उंदीर आपल्या पूर्वजांच्या होड्यांतून आपल्याबरोबरच आलेत या देशात, आणि तू त्यांच्यावर सुया चालवतेस? ती म्हणाली होती, होडीतले म्हणूनच तर त्यांना विचारते.

फेतू आला. त्यानं पेटी आणून टेबलावर ठेवली. "सतराला मी घेऊ का? तू बाहेर थांब."

"नको. अनोळखी हाताला घाबरेल तो."

फेतूनं मान हलवली आणि बाजूला झाला.

मिठाच्या पाण्यावरचे उंदीर आधी झाले. तिनं पिंजऱ्यात हात घातला की ते कोपऱ्यात सरकायचे, धरले की अंग आखडायचे. इतके आठवडे तिनंच त्यांनाही पाण्यातून काढलं होतं, रोज. त्यांच्यासाठी ती रोज नवी होती. एकेकाला पेटीत ठेवताना ती पुटपुटत होती ते शब्द तिच्या आजीचे होते. ताउआ म्हणायचं सगळं घर आजीला. बिळातून काढलेल्या प्रत्येक पिल्लाला आजी ते शब्द म्हणायची.

मग तिनं सतरा नंबरचा पिंजरा उघडला.

तो गवताच्या ढिगात बसला होता. दार वाजलं तसा उठून पुढे आला. मेरेआनाचा डावा हात तिच्या कोटाच्या खिशात होता. तो तिनं तिथंच राहू दिला आणि उजवा आत घातला.

सतरा नंबरनं बोटं हुंगली. तळवा हुंगला, मनगट हुंगलं. चढला नाही. तो हाताला वळसा घालून पलीकडे गेला, दोन पायांवर उभा राहिला आणि नाक वर करून शोधू लागला. तिथं काही नव्हतं, पिंजऱ्याची जाळी होती. तो तिथंच थांबला. डावीकडे.

फेतूनं तोंड फिरवलं. गॉर्डन फरशीवरच्या चौकोनाकडे बघत होता.

ताउआ सांगायची, बिळात हात घातला की लगेच धरायचं नाही. जरा थांबायचं. कोण आलंय ते आधी आतल्याला कळू द्यायचं.

मेरेआनानं उजवा हात बाहेर घेतला. खिशातून डावा काढला, आत नेला आणि तळवा उघडा करून गवतावर टेकवला. मग ती थांबली.

आसपास पाणी नव्हतं. तरी तो आला, एकेक पाय टाकत, आणि तळव्यावर चढून बसला.